मळलेली वाट सोडण्यापूर्वी

सह्याद्रीत मळलेली वाट सोडून रानातून स्वतःची वाट काढणे, हे मुळात डोंगराची घडण वाचण्याचे कौशल्य आहे; चकमकीने आग पेटवणे, सालीचा दोर वळणे या आदिम विद्या त्यानंतर येतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हे डोंगर घडले. त्यांतील कठीण थरांचे उभे कडे झाले आणि ठिसूळ थर झिजून कड्यांच्या मधोमध सपाट पट्टे उरले, ज्यांना डोंगरभागात पदर म्हणतात. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला खालचा पदर आणि त्यावरची झाडी दिसते, पण मधला कातळटप्पा दिसत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशातही तो बरेचदा हरवतो, कारण त्यावरील समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, 20 मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात आणि 15 मीटरचा सरळ तुटलेला कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो.

यातूनच पहिला नियम निघतो: अनोळखी डोंगरात आडवाटेचा सराव चढताना करावा, उतरताना नव्हे. चढताना सर्व सोंडा, म्हणजे माथ्यावरून खाली उतरत जाणाऱ्या धारा, माथ्याकडे एकत्र येतात, त्यामुळे थोडी चूक झाली तरी ती वर जाता जाता सुधारते. उतरताना त्याच सोंडा फाकत जातात आणि माथ्यावर चुकलेली काही पावले पायथ्याशी वेगळ्या खोऱ्यात नेऊन सोडतात. ओढ्याच्या पात्रातून खाली उतरण्याचा मोह विशेष घातक, कारण पावसाळी ओढा प्रत्येक कातळटप्प्यावरून धबधबा होऊन कोसळतो आणि त्याच्या मागे गेलेला माणूस अशा जागी पोहोचतो जिथून पुढे उतरता येत नाही आणि मागे चढणेही कठीण होते. जो टप्पा परत चढता येणार नाही तो उतरूच नये, याला अपवाद नाही. ढोरवाटांवरही विसंबू नये; गुरे चाऱ्याकडे आणि पाण्याकडे जातात, माथ्याकडे नव्हे, म्हणून ती वाट कारवीच्या गचपणात विरून जाते. कारवीच्या आधाराने चढताना खोड मुळाजवळ धरावे, आणि सामुदायिक फुलोऱ्यानंतर वाळलेल्या कारवीवर भार टाकू नये, कारण फुलून झाल्यावर ती झुडपे मरतात.

दिशाज्ञानाबाबत परदेशी पुस्तकांतील सल्ला तपासूनच घ्यावा. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून दक्षिण शोधण्याची रीत उंच अक्षांशांवर ठीक चालते. मुंबईच्या, म्हणजे सुमारे 19 अंशांच्या, अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे ही रीत येथे फसवते. त्याऐवजी सपाट जमिनीवर काठी उभी रोवून सावलीच्या टोकाशी खूण करावी, साधारण 20 मिनिटांनी दुसरी खूण करावी; पहिली खूण पश्चिमेकडची. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 19 अंश वर असल्याने उत्तरेकडे उंच धार असलेल्या दरीतून तो दिसेलच असे नाही.

पाण्याचे गणित ऋतूवर ठरते, कारण डिसेंबरनंतर बहुतेक ओढे आटू लागतात आणि गडांवरील कातळात खोदलेली टाकीच उरतात. फार उंचावर पाणी जास्त वेळ उकळावे लागते, पण सह्याद्रीची महाराष्ट्रातील सर्वाधिक उंची, कळसूबाईची, 1646 मीटरच आहे. त्यामुळे कापडातून गाळलेले पाणी खळखळून 1 मिनिट उकळले तरी रोगजंतू मारण्यास पुरेसे होते.

दोर वळण्याचा सराव मात्र घरीच करावा, तोही अंबाडी, घायपातीचा वाख किंवा नारळाचा काथ्या घेऊन. भिजवलेल्या धाग्यांचे दोन पदर घ्यावेत आणि त्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवावी, म्हणजे नवे धागे जोडताना दोन्ही सांधे एकाच जागी येत नाहीत. प्रत्येक पदराला अंगठा आणि तर्जनीने बाहेरच्या दिशेने पीळ द्यायचा आणि पिळलेला पदर दुसऱ्यावरून आपल्या बाजूला ओढून घ्यायचा. दोन उलट पीळ एकमेकांना अडवतात, म्हणून दोर सुटत नाही. असा दोर लाकडे बांधण्यास, आडोसा ताणण्यास उपयोगी पडतो; अंगाचा भार त्यावर कधीही टाकू नये. रानात मुरुडशेंगेची साल याच कामी येत असली, तरी राखीव वनात ती सोलणे गुन्हा ठरू शकतो.

हीच मर्यादा आगीला लागू आहे, आणि ती अधिक कडकपणे पाळावी. भारतीय वन अधिनियम, 1927 राखीव वनात मुभेविना आग पेटवण्यास मनाई करतो, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 प्रमाणे अभयारण्यात प्रवेशासाठीही परवानगी लागते. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना या भटक्यांच्या आवडत्या परिसरांतील बराच भाग या कक्षेत येतो. फेब्रुवारी ते मे या काळात सुकलेले गवत एका ठिणगीने पेटते आणि धूर कड्यावरच्या आग्या मोहोळापर्यंत पोहोचला, तर माश्या पूर्ण गटावर तुटून पडतात. म्हणून चकमक आणि सावरीचा कापूस यांचा सराव मोकळ्या शेतात, मालकाच्या संमतीने, पाण्याची बादली जवळ ठेवून करणेच योग्य.

वेळेचा अंदाज विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेल्या नियमाने काढावा: सुमारे 5 किलोमीटरला 1 तास, अधिक 600 मीटर चढाईला 1 तास. गचपणातून जाताना तो किमान दुप्पट धरावा, आणि उपलब्ध उजेडाचा निम्मा वेळ संपला की माथा कितीही जवळ दिसत असला तरी परतावे. जाण्यापूर्वी पायथ्याच्या वाडीत कोणती सोंड, कोणती नाळ (कड्यातली अरुंद घळ), किती माणसे आणि परतण्याची वेळ एवढे सांगून ठेवावे, आणि परतल्यावर आलो म्हणून कळवावे, अन्यथा वाडीतील माणसे रात्री विनाकारण शोधाला निघतात.