आधी जावास्क्रिप्ट, मग फ्रेमवर्क

वेबसाइटचा जो भाग वापरणाऱ्याला पडद्यावर दिसतो आणि ज्याच्याशी त्याचा थेट व्यवहार होतो, त्याला फ्रंट एंड म्हणतात. हा भाग तीन भाषांवर उभा असतो: मजकुराची रचना सांगणारी एचटीएमएल, मांडणी व रंगरूप ठरवणारी सीएसएस आणि बटण दाबणे, अर्ज भरणे, माहिती मागवणे अशा क्रियांना प्रतिसाद देणारी जावास्क्रिप्ट. रिअॅक्ट, व्ह्यू, अँग्युलर यांना व्यवहारात फ्रेमवर्क म्हटले जाते. मोठ्या वेबसाइट नेटक्या बांधता याव्यात म्हणून जावास्क्रिप्टच्याच आधारावर तयार करून ठेवलेल्या या चौकटी आहेत. नोकरीच्या जाहिरातींत याच चौकटींची नावे ठळक असल्याने नवा विद्यार्थी थेट तेथूनच सुरुवात करतो, आणि बहुतेकांची वाट तेथेच अडते. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांत, जेथे मोबाइलचे जाळे सर्वत्र सारखे मिळत नाही आणि पुढील शिक्षणासाठी अनेकांना नाशिक किंवा ठाणे गाठावे लागते, तेथे अशा चुकीच्या सुरुवातीची किंमत वेळ, पैसा आणि उमेद या तिन्ही रूपांत मोजावी लागते.

ही वाट कोठे अडते, हे नीट पाहिले पाहिजे. शिकवणीच्या व्हिडिओत दाखवलेल्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या की पडद्यावर अपेक्षित चित्र उमटते आणि विषय समजला असा भास होतो. परंतु स्वतःचे लहानसे पान बांधण्याची वेळ आली, की आलेली चूक भाषेची आहे की फ्रेमवर्कची, हेच ओळखता येत नाही. रिअॅक्टमध्ये पानाच्या सद्यस्थितीच्या माहितीला स्टेट म्हणतात आणि ती बदलली की पडद्याचा संबंधित भाग नव्याने रेखाटला जातो. शिकणारा मात्र जुन्याच यादीत एक नोंद घालून तीच यादी परत देतो, पडदा बदलत नाही आणि दोष रिअॅक्टला दिला जातो. खरे कारण असे, की जावास्क्रिप्टमध्ये यादी ही मूल्य म्हणून नव्हे तर संदर्भ म्हणून हाताळली जाते. आत नोंद वाढली तरी संदर्भ तोच राहतो आणि रिअॅक्टला काही बदलले असे दिसत नाही. त्याचप्रमाणे सर्व्हरकडून माहिती येण्यास वेळ लागतो, तोवर तिची जागा रिकामी असते, हे न कळल्याने पान कोसळते. या दोन्ही अडचणींची उत्तरे भाषेच्या अभ्यासात आहेत.

इतिहासही हेच सांगतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट घडवली. २००६ मध्ये जावास्क्रिप्ट लिहिणे सोपे करणारी जेक्वेरी आली, २०१० मध्ये गूगलचे अँग्युलरजेएस, २०१३ मध्ये फेसबुकचे रिअॅक्ट आणि २०१४ मध्ये इव्हान यू यांचे व्ह्यू. अँग्युलरची २०१६ मधील आवृत्ती पूर्णपणे नव्याने लिहिली गेली आणि जुन्या अँग्युलरजेएसचा आधार २०२१ अखेर बंद झाला. रिअॅक्टमध्येही २०१९ मध्ये हुक्स ही नवी सोय आल्यावर लिहिण्याची रीत पालटली. याउलट, जुन्या वेबसाइट मोडू नयेत म्हणून ब्राउझर जावास्क्रिप्टचे जुने नियम सांभाळत आले आहेत. फ्रेमवर्कचे ज्ञान काही वर्षांत शिळे होते, भाषेचे टिकते. म्हणून ज्याच्याकडे साधने मोजकी आहेत, त्याने टिकाऊ ज्ञानावर आधी श्रम खर्च करावेत.

प्रारंभीच्या अभ्यासाला इंटरनेटही फारसे लागत नाही. साधा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम आणि ब्राउझर एवढ्यावर एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्ट यांचा सराव संगणकावर जाळ्याविना होतो. फ्रेमवर्कचा प्रकल्प उभारताना मात्र शेकडो पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेले प्रोग्रामचे तुकडे, उतरवून घ्यावे लागतात. हे काम महाविद्यालयाच्या संगणक कक्षात किंवा चांगले जाळे मिळेल तेथे एकदाच उरकावे. व्ह्यू तर एकाच फाइलच्या रूपात पानाला जोडता येते, त्यामुळे पहिल्या ओळखीसाठी ते सोयीचे ठरते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमाचे संगणकविषयक पाठ मराठीतही आहेत आणि ते उतरवून ठेवता येतात.

सरावासाठी विषय आपल्या परिसरातील घ्यावा. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या उत्सवात मुखवटे घालून देवदेवतांची व पौराणिक पात्रांची सोंगे नाचवली जातात. त्या सोंगांची नावे, छायाचित्रे आणि माहिती देणारे, नावानुसार शोध घेता येईल असे पान आधी निव्वळ जावास्क्रिप्टमध्ये बांधावे. शोधाची अक्षरे बदलताच यादी आणि पडदा यांचा मेळ हाताने घालताना जी दमछाक होते, तीच फ्रेमवर्कची गरज समजावून देते. मग तेच पान रिअॅक्ट किंवा व्ह्यूमध्ये पुन्हा बांधावे: प्रत्येक सोंगाचा चौकोन हा एक कंपोनंट, म्हणजे पुन्हापुन्हा वापरता येणारा तुकडा; त्याला बाहेरून दिलेले नाव व चित्र हे प्रॉप्स; आणि शोधाची अक्षरे हे स्टेट.

मराठी मजकूर हाताळताना आणखी काही गोष्टी हाती लागतात. ‘जव्हार’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण युनिकोड या सर्वमान्य लिपी-संकेतात जोडाक्षरातील हलन्त आणि काना स्वतंत्र मोजले जात असल्याने जावास्क्रिप्ट त्याची लांबी ६ सांगते. जावास्क्रिप्टचा साधा क्रम संकेतांकांनुसार लागतो, त्यामुळे ‘ळ’ने सुरू होणारी नोंद ‘व’च्या आधी येते; वर्णमालेत मात्र ‘ळ’ची जागा ‘ह’नंतर आहे. भाषेनुसार क्रम लावण्याची सोय जावास्क्रिप्टमध्येच आहे, तीच वापरावी.

तयार झालेले पान वेगवान जाळ्यावर तपासून थांबू नये. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये जाळे मुद्दाम मंद करून पाहण्याची सोय असते. तिच्या जोडीला स्वस्त मोबाइलवर आणि शक्य असल्यास कमी सिग्नलच्या पाड्यावर पान उघडून पाहावे. छायाचित्रे जड असतील किंवा जावास्क्रिप्टची फाइल अवाढव्य असेल, तर दोष लगेच उघडा पडतो. जाळ्याची उणीव रोज अनुभवणारा विद्यार्थी हलके पान बांधण्याचे महत्त्व लवकर ओळखतो, आणि ही जाण कोणत्याही कंपनीत मोलाची ठरते.

म्हणून जव्हार, मोखाडा आणि त्यांच्यासारख्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांनी एका वेळी एकच फ्रेमवर्क निवडावे, ते जावास्क्रिप्टचा पाया घट्ट झाल्यावरच निवडावे, आणि पाहून उतरवलेल्या दहा प्रकल्पांपेक्षा स्वतः पहिल्या ओळीपासून बांधलेले, प्रत्येक ओळीचे कारण सांगता येईल असे एकच पान पुढे ठेवावे. त्यांना शिकवणाऱ्यांनीही फ्रेमवर्कच्या नावाची घाई न करता भाषेसाठी पुरेसा वेळ द्यावा.