‘सेल’ : शब्द एक, अर्थ किती?

टॉर्चमध्ये आपण ‘सेल’ घालतो, तुरुंगात कैद्याला ‘सेल’मध्ये ठेवतात आणि जीवशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकात तर ‘सेल’ पानोपानी भेटतो. मराठीत यांना अनुक्रमे विद्युत घट, कोठडी आणि पेशी असे तीन निराळे शब्द आहेत. मग इंग्रजीत एकच कसा? (दुकानातला स्वस्त कपड्यांचा ‘सेल’ यात धरू नका. त्याचे इंग्रजी स्पेलिंग व मूळ दोन्ही वेगळी आहेत.)

या शब्दाचे मूळ आहे लॅटिन भाषेतील ‘सेल्ला’, म्हणजे लहान खोली. रोमन देवळात जेथे मूर्ती असे, त्या गाभाऱ्यालाही सेल्लाच म्हणत. पुढे मठातील साधूची खोली, कैद्याची कोठडी आणि मधाच्या पोळ्यातील षट्कोनी घर यांना इंग्रजीत ‘सेल’ म्हणू लागले.

१६६५ साली रॉबर्ट हूक याचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याला पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसले. त्यांना त्याने ‘सेल’ म्हटले. एका घन इंचात असे १२५ कोटींहून अधिक कप्पे असावेत, असा हिशेबही त्याने मांडला.

पण येथेच सावध राहायला हवे. बूच म्हणजे झाडाची मृत साल. हूकला दिसल्या त्या केवळ भिंती. आतील जिवंत द्रव्य केव्हाच नाहीसे झाले होते. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने वनस्पतींच्या पेशींतील केंद्रकाकडे लक्ष वेधले. १८३९ साली थिओडोर श्वानने प्राण्यांची शरीरेही पेशींचीच बनलेली असतात, असे प्रतिपादन केले. आणि प्राण्यांच्या पेशीला तर भित्तिकाच नसते, असते ते नाजूक पटल. म्हणजे भिंत नसलेली खोली! नाव मात्र तेच राहिले.

विजेच्या सेललाही कप्प्यावरूनच नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लाकडी पेटीत जस्त व तांब्याच्या पत्र्यांनी कप्पे पाडून त्यांत आम्ल भरत असत. मोबाइल सेवेतही सारा प्रदेश लहान लहान विभागांत वाटलेला असतो. असा प्रत्येक विभाग म्हणजे ‘सेल’. त्यावरून ‘सेल फोन’.

तेव्हा शब्दाचे मूळ जरूर शोधा, पण मुळालाच व्याख्या समजू नका. शाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पातळ पापुद्रा ठेवा, त्यावर आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब टाका आणि पाहा : हुकच्या त्या खोल्या खरोखरच रिकाम्या आहेत काय?