मुलांचा फ्लू : उशीर करू नका



चलथाणच्या परिसरात ऊसतोड जोरात असते त्याच दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, फ्लूची एक लाट येते, दुसरी पावसाळ्यात. बहुतेक मुले आठवड्याभरात बरी होतात. पण काहींना इस्पितळात न्यावे लागते, आणि त्यांतली थोडी घरी परत येत नाहीत. कोणती मुले दगावतात हे आईबापांना ठाऊक असावे, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाईन फ्लूने भारतातला पहिला बळी घेतला. ती १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. ताप आल्यापासून निदान होईपर्यंत बरेच दिवस लोटले होते. तेव्हा हा रोग देशात नवा होता. आज तसे म्हणता येणार नाही.

धोका कोणाला अधिक? पाच वर्षांखालील, आणि त्यातही दोन वर्षांखालील मुलांना. दमा, हृदयाचा दोष, फिट्स किंवा मेंदूचा विकार असलेल्यांना. आपल्या आदिवासी घरांत आढळणारा सिकलसेल असलेल्यांना. तसेच कुपोषित मुलांना. पण धडधाकट मूल सुरक्षित आहे असे समजू नये. अमेरिकेत फ्लूने मरण पावणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना आधीचा कोणताही आजार नसतो.

इस्पितळात येताना ज्याच्या रक्तातला प्राणवायू फार कमी झालेला असतो, ज्याचे हातपाय गार पडून नाडी क्षीण लागते, किंवा ज्याच्या फुफ्फुसात फ्लूच्या मागोमाग दुसरे जंतू शिरून न्युमोनिया होतो, त्याला वाचविणे कठीण जाते. फ्लूवर ओसेल्टामिविर हे औषध आहे. पहिल्या ४८ तासांत ते मिळाले तर गुण सर्वात चांगला येतो. म्हणून वेळ हेच मोठे औषध.

पुढील खुणा दिसताच दवाखाना गाठावा :

१. श्वास जलद चालणे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखाली ६०, एक वर्षाखाली ५०, पाच वर्षांखाली ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका.
२. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे.
३. दूध-पाणी न घेणे, लघवी कमी होणे.
४. फिट येणे, गुंगीत राहणे.
५. ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढणे.

मुलाला अ‍ॅस्पिरिन देऊ नये. फ्लूमध्ये त्याने यकृत व मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. तापाला पॅरासिटामॉल वजनाच्या मानाने, डॉक्टरांना विचारून द्यावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. चुलीच्या धुरापासून मूल दूर ठेवावे. सहा महिन्यांपुढील मुलांना दरवर्षी फ्लूची लस देता येते. ती विकत घ्यावी लागते. न्युमोनियाविरुद्धची न्युमोकोकल लस मात्र बाळांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती चुकवू नये.

आता बागायतदार बांधवांस एक सांगणे. डांग, धुळे, नंदुरबारकडून आलेली टोळी आपला ऊस तोडते. तिची मुले थंडीत पालाच्या झोपडीत निजतात. उचल फिटायची असते, एक खाडा परवडत नाही, म्हणून आई तापलेले मूल बांधावर ठेवून कोयता चालवते. अशा वेळी तिला सुट्टी द्या, मजुरी कापू नका, आपली गाडी काढा किंवा १०८ ला फोन करा.

सभास्थानाचा अधिकारी याईर आपला मानमरातब विसरून मुलीसाठी प्रभू येशूच्या पाया पडला. त्याने कुणाला धाडले नाही, स्वतः गेला. दुसऱ्याच्या लेकरासाठीही आपण तसेच उठू या. प्रार्थना जरूर करावी, पण ती दवाखान्याच्या वाटेवर चालता चालता करावी.