हळदीच्या मांडवातला बीपीएम

पेण-पनवेल-अलिबागकडच्या आगरी-कोळी घरांत हळदीची रात्र लग्नाच्या दिवसाइतकीच मोठी. या मांडवांत मी गाणी वाजवतो. नवीन पोरं कन्सोलजवळ येऊन पहिला प्रश्न हाच विचारतात, ‘दादा, किती बीपीएमपासून सुरुवात करायची?’ त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

१. बीपीएम गाणी जोडायला असतो, निवडायला नाही. मिनिटाला किती ठोके पडतात एवढंच तो सांगतो. दोन गाणी एकावर एक चालतील का, फेडर किती सरकवावा लागेल, हे त्यावरून कळतं. पाय उचलतील की नाही, ते ठेका ठरवतो. म्हणून गाणं निवडताना स्क्रीनवरचा आकडा झाकून ऐका आणि आपली मान कशी हलते ते बघा.

२. तीन आणि चार एकत्र वाजवू नका. माझ्या मते या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. कोळीगीतांचा ठेका बहुतेक वेळा दादऱ्याच्या घरातला, म्हणजे एका बीटच्या पोटात तीन ठोके. हाउस किंवा आजची हिंदी पार्टीगाणी चाराच्या हिशेबात चालतात. समजा दोन्ही गाणी १२०ची आहेत. सिंक दाबलं, स्क्रीनवर बास-ड्रमचे उंचवटे बरोबर एकाखाली एक आले. तरीही कानाला गाडी खड्ड्यातून गेल्यासारखी लागते, कारण दोन बीटच्या मधल्या जागेत ढोलकी आणि हाय-हॅट एकमेकांवर आदळतात. डाव्या हाताने मांडीवर सावकाश ठोका धरा आणि तेवढ्याच वेळात एकदा ‘एक-दोन-तीन’, एकदा ‘एक-दोन-तीन-चार’ म्हणून बघा. लगेच कळेल. मांडवात हे सगळ्यात आधी बायकांच्या लक्षात येतं. तिसऱ्या ठोक्यावर कंबर टाकणारी मावशी एकदम थांबते आणि पायांकडे बघते.

यावर मी दोन उपाय करतो. एक, चालू गाण्याची ओळ संपली की त्याचा बास काढून इको सोडायचा आणि नवीन गाणं थेट समेवर आणायचं. दुसरा मला जास्त आवडतो. मध्ये चार-आठ बार नुसता बास-ड्रम ठेवायचा. नुसत्या ठोक्याच्या पोटात काहीच नसतं, त्यामुळे तीनही त्याचे आणि चारही त्याचेच. त्यावर हळूच ढोलकी आली की पाय आपोआप तिकडे वळतात.

३. निम्मं-दुप्पट ओळखा. ड्रम अँड बास १७४च्या आसपास चालतं, पण नाचणारी अंगं बहुधा ८७ धरतात. म्हणून ८७च्या हिपहॉपवरून तिकडे फेडर न हलवता जाता येतं. सॉफ्टवेअर बऱ्याचदा निम्मा किंवा दुप्पट आकडा दाखवतं. तेव्हा स्वतः टॅप करून मोजा.

४. तोंडपाठ गाणं फार ताणू नका. १९७९च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर वेग दोन्ही बाजूंना आठ टक्के हलवता यायचा, पण वेगाबरोबर सूरही चढायचा. सहा टक्क्यांच्या आसपास गेलात की सा पार कोमल रे होऊन बसतो. आता की-लॉकमुळे सूर जागेवर राहतो, तरी ढोलकीच्या थापेची धार बोथट होते आणि गळा खरखरीत लागतो.

माझी मर्यादा तीन-चार टक्क्यांची. त्याचं कारण यंत्रात नाही, माणसांच्या श्वासात आहे. हळदीत लोक नाचता नाचता गातात. १००चं गाणं १०८वर नेलं की दोन ओळींमधली श्वासाची जागा आखडते आणि आत्या-मावश्यांच्या तोंडून ओळीचा शेवटचा शब्द सुटायला लागतो. गाणं सुटलं की थोड्या वेळाने नाचही सुटतो. नुसत्या बेंजोच्या किंवा ब्रास बँडच्या तुकड्याला मात्र बिनधास्त पुढे ढकला.

५. जुन्या गाण्यांवरून हात काढू नका. पन्नास-साठच्या दशकांतली गाणी वादकांनी स्टुडिओत एकत्र बसून वाजवलेली आहेत, कानात क्लिकची टिकटिक नव्हती. कडव्यात लय किंचित पुढे सरकते, मुखड्यावर परत बसते. सिंक तिथे हमखास चुकतं. हेडफोन एका कानाला, बोट जॉग व्हीलवर, आणि मिक्स छोटा. ती सरकती लय पूर्ण सरळ करणारी एडिट्स मिळतात, पण मी ती वापरत नाही. गायकाचा लाडिकपणा त्यात निघून जातो.

६. ‘फास्ट लाव’ म्हणजे वेग वाढव असं नाही. कुणीतरी पोरगा येतोच, ‘डीजे, जरा फास्ट लाव ना!’ त्याला बहुतेक वेळा ओळखीचं किंवा वजनदार गाणं हवं असतं. १२८वरून थेट ९५च्या, पण हलगी दणकून वाजणाऱ्या गाण्यावर उतरा. तोच पोरगा सगळ्यांत पुढे नाचतो, कारण ठोक्यांमधली जागा वाढली की उडी मारायला वेळ मिळतो.

७. रात्रीची चढण आधी आखा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला स्पीकर बंद. जेवणावळी लांबल्या की नाचाला जेमतेम दीड-दोन तास उरतात. तेवढ्यात सतत वर चढत गेलात तर घामाघूम पोरं साडेनऊलाच खुर्च्या धरतात. मी तीन-चार गाणी चढतो, मग एक-दोन गाणी दहाबारा बीपीएम खाली येतो. त्या उतारावर वयस्कर मंडळी मांडवात उतरतात आणि मुलं पाणी पिऊन परततात.

शेवटची वीस मिनिटं सगळ्यांत वेगवान ठेवत नाही. १०५ ते ११५च्या मधली, सगळ्यांना येणारी कोळीगीतं लावतो. नवऱ्याच्या आजीला त्या लयीत पाय टाकता येतो, आणि तिच्याभोवती गोल धरलेल्या नातवंडांनाही ती संथ वाटत नाही.