दिसावयास एक, अर्थानें दोन

एका उपदेशक बंधूंनीं आम्हांस विचारलें आहे कीं, रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायांतील तेराव्या वचनांत पौलाला अडथळा आला असें मराठींत आहे, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत तर तेथें 'लेट्', म्हणजे 'होऊं देणें', हा शब्द आहे. तेव्हां आपलें भाषांतर चुकलें काय? मराठी पुस्तकाविषयीं असा किंतु मनांत राहणें बरें नाहीं, म्हणून हा खुलासा करितों.

भाषांतर चुकलेलें नाहीं. १६११ सालीं छापलेल्या इंग्रजी शास्त्रांत 'लेट्' हे दोन निरनिराळे शब्द आहेत. एक 'होऊं देणें, सोडणें' ह्या अर्थाचा. त्याचें प्राचीन रूप 'लॅतन'. दुसरा 'अडविणें' ह्या अर्थाचा. त्याचें प्राचीन रूप 'लेत्तन'. हा दुसरा शब्द 'मंद, उशिराचा' अशा अर्थाच्या शब्दापासून निघाला. म्हणजे अडविणें हें मुळांत उशीर करविणें होय. आगगाडी 'लेट' आहे असें आपण स्टेशनावर ऐकतों, तो शब्द ह्याचाच सगा. पुढें दोहोंचे शेवट झिजले, आणि 'जा' म्हणणारा व 'थांब' म्हणणारा असे दोघेही एकाच वेषांत उभे राहिले! सेमिनरींत असतांना आम्हीही येथें एकदां फसलों होतों.

निर्गमाच्या पांचव्या अध्यायांत, लोकांच्या कामांत मोडता घालितां म्हणून फारो मोशे व अहरोन ह्यांजवर रागावतो, तेथेंही हाच दुसरा 'लेट्' आहे. १८८१ सालच्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारांत रोमकरांस पत्रांतून तो काढून 'अडविणें' ह्या अर्थाचा उघड शब्द घातला. तरी तो अगदींच मेला नाहीं. भारताच्या पासपोर्टांत, धारकास विनाअडथळा जाऊं द्यावें अशी जी इंग्रजी विनंती असते, तींत तो आजही आहे.

अशीच दुसरी जोडी 'यी' ह्या शब्दाची. शास्त्रांत तो बहुधा 'तुम्ही' ह्या अर्थाचें सर्वनाम असतो. परंतु जुन्या हस्तलिखितांत 'थ'सारख्या उच्चाराचें 'थॉर्न' नांवाचें अक्षर असे. लिहितां लिहितां तें 'वाय'सारखें दिसूं लागलें, आणि छापणाऱ्यांजवळ त्याचा खिळा नसल्यामुळें ते त्याच्या जागीं 'वाय'च बसवीत. त्यामुळें 'दि' हा साधा शब्द 'यी'सारखा दिसे. १६११ च्या मूळ छापांतही थोड्या ठिकाणीं असें झालें आहे. तेथें 'ई' अक्षर बारीक करून 'वाय'च्या डोक्यावर बसविलेलें असतें. तें दिसलें कीं 'दि' असेंच वाचावें.