रात्रीची गोळी आणि व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप

नागपुरातल्या ओपीडीत साठीच्या पेशंटने औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली की बहुधा तीन पाकिटं बाहेर पडतात: बीपीचं, शुगरचं आणि रात्री घ्यायच्या अ‍ॅटोर्वास्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या एका स्टॅटिनचं. या तिसऱ्या पाकिटावर हल्ली दोन प्रश्न येतात. ‘हिने कॅन्सर बरा होतो म्हणे?’ आणि ‘हिनेच कॅन्सर होतो म्हणे?’ दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपचीच देणगी.

दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे. स्टॅटिनच्या 27 चाचण्यांमधल्या सुमारे पावणेदोन लाख लोकांची माहिती 2012 मध्ये एकत्र तपासली गेली. सुमारे पाच वर्षांच्या वापरात कर्करोग वाढलेला दिसला नाही. घटलेलाही दिसला नाही.

मग कॅन्सर बरा होण्याची आशा कुठून आली? जपानच्या अकिरा एन्डो यांनी हजारो बुरशा चाळून 1973 मध्ये पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. हे औषध शरीरात कोलेस्टेरॉल बनवणारी साखळी वरच्याच कडीला अडवतं. त्याच साखळीत काही तेलकट शेपट्याही तयार होतात. ‘रास’सारखी प्रथिनं पेशीच्या आवरणाला चिकटतात ती या शेपटीच्या जोरावर, आणि तिथूनच पेशीला ‘वाढ’ असा हुकूम सुटतो. शेपटी नाही, तर हुकूम नाही. काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी यामुळे खरोखर मरतात; मात्र तिथली मात्रा बहुतेक वेळा गोळी घेणाऱ्याच्या रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट असते.

डेन्मार्कमध्ये कर्करोग होण्याआधीपासून स्टॅटिन घेणाऱ्यांत त्या रोगाने होणारे मृत्यू 15 टक्के कमी आढळले, तेही 2012 सालीच. आकडा मोहात पाडणारा. पण वर्षानुवर्षं नेमाने गोळी घेणारा माणूस बहुधा अंबाझरी तलावाला सकाळची चक्करही चुकवत नाही आणि तपासण्याही वेळेवर करतो. श्रेय कुणाला द्यायचं? ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या एका आक्रमक कर्करोगाच्या 846 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला केमोसोबत प्रॅव्हास्टॅटिन, दुसऱ्याला केमोसोबत नकली गोळी. आयुष्यात फरक पडला नाही.

जुनं औषध नव्या कामाला येतच नाही, असं मात्र नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तोंड-घशाच्या बळावलेल्या कर्करोगात मेथोट्रेक्सेट आणि सांधेदुखीची सेलेकॉक्सिब अशा स्वस्त गोळ्या सलाइनमधल्या सिस्प्लॅटिनसमोर उभ्या केल्या. 2020 मध्ये निकाल आला: गोळ्यांवर आयुष्याचा मध्यक 7.5 महिने, सिस्प्लॅटिनवर 6.1. पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखूचा खर्रा घोटणाऱ्या या शहराला तो आजार परका नाही. स्टॅटिनच्या हाती असा निकाल अजून नाही; डेन्मार्कमध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मोठी चाचणी हाती घेतली आहे.

तेव्हा कर्करोगासाठी म्हणून कुणी स्वतःहून स्टॅटिन सुरू करू नये. हृदयासाठी चालू असेल, तर घाबरून बंदही करू नये. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी तर मुळीच नाही. केमो सुरू होणार असेल, तर पिशवी जशीच्या तशी कर्करोगतज्ज्ञासमोर ठेवावी. बुरशीवरची काही औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक यांच्यामुळे अ‍ॅटोर्वास्टॅटिन रक्तात साचतं आणि स्नायूंना त्रास होऊ शकतो. मांड्या-दंड विनाकारण दुखले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

आणि नागपूरकरांचा हमखास प्रश्न: संत्रं चालतं का? चालतं. जपायचं ते ग्रेपफ्रूट आणि त्याच्या नात्यातल्या पपनसापासून.