आधी दाराच्या चौकटीवरचा आकडा वाचा

अमेरिकेत मध्यम आकाराचा पिकअप घ्यायचा म्हटलं की बोलणं टोयोटा टकोमापासून सुरू होतं. या वर्गात 2005 पासून सर्वांत जास्त खपणारी गाडी तीच. 2024 साली तिची चौथी पिढी आली आणि साचा, इंजिन, मागचं सस्पेन्शन, आतली बैठक असं जवळजवळ सगळंच बदललं. शेवरले कोलोरॅडो 2023 मध्ये आणि फोर्ड रेंजर 2024 मध्ये नव्याने बांधून आली होती, त्यामुळे तुलना अटळ होती. पण ही तुलना ज्या मुद्द्यांवर चालते ते मला घातक वाटतात. कोणाचे हॉर्सपॉवर किती, कोणाचा पडदा मोठा, कोणाची गाडी दगडगोट्यांतून जास्त उंच चालते, यावरच सगळी चर्चा संपते. पिकअप मुळात वजन वाहायला घेतात. माझं सांगणं असं की या सगळ्या नव्या गाड्यांमध्ये जसजसं महागड्या श्रेणीकडे जावं तसतशी वजन वाहायची ताकद कमी होत जाते, आणि हे शोरूममध्ये आपणहून कोणी सांगत नाही. साठ हजार डॉलरला पोहोचलेली गाडी चाळीस हजारांच्या गाडीपेक्षा कमी वाहते, हे सही करण्याआधी माहीत असायला हवं.

टकोमाचेच आकडे बघा. 2016 ते 2023 या पिढीत 3.5 लिटरचं व्ही-6 इंजिन होतं, 278 हॉर्सपॉवर आणि 265 पाउंड-फूट टॉर्कचं. नव्या पिढीत 2.4 लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं. बहुतेक श्रेणींमध्ये त्याची शक्ती तेवढीच, 278 हॉर्सपॉवर, पण टॉर्क 317. हायब्रिड घेतली तर 326 हॉर्सपॉवर आणि तब्बल 465 पाउंड-फूट. म्हणजे टॉर्क पाऊणपट वाढला. मग ट्रेलर ओढायची मर्यादा किती वाढली असेल? ती वाढली नाही, घटली. जुन्या गाडीची सर्वाधिक मर्यादा 6,800 पौंड होती, नवीची 6,500 आणि सर्वांत ताकदवान हायब्रिडची 6,000. यात घोटाळा नाही, भौतिकशास्त्र आहे. ट्रेलर ओढण्यात इंजिन हा एकच घटक. ब्रेक, टायर, चॅसी, मागचा आस, स्प्रिंगा आणि गाडीचं स्वतःचं वजन हे सगळे मिळून मर्यादा ठरवतात. हायब्रिडची बॅटरी मागच्या सीटखाली बसते. बॅटरी आणि मोटर यांचं वजन गाडीला कायम वागवावं लागतं, आणि ते तुमच्या सामानाच्या वाट्यातून जातं.

ओढण्याच्या जाहीर आकड्याबद्दलही एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्या हा आकडा एसएई जे-2807 या एकाच पद्धतीने काढतात. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमपासून वर चढणाऱ्या घाटावर, भर उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून गाडी ठरावीक वेगाच्या खाली न येता चढली पाहिजे, अशी ती कसोटी. कसोटी चांगली आहे. तिच्यामुळे कंपन्यांची मनमानी थांबली. पण तिच्यात गाडीत दोनच माणसं धरतात, प्रत्येकी 150 पौंडांची. मागच्या सीटवर मुलं नाहीत, हौद्यात तंबू नाही, सायकली नाहीत. जाहिरातीतले 6,500 पौंड अशा जवळजवळ रिकाम्या गाडीचे असतात.

खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीच्या खांबावर दिसतो. तिथे पिवळ्या पट्ट्याचं एक छोटं स्टिकर असतं. त्यावर टायरचे आकार, हवेचा दाब आणि एक वाक्य असतं : माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये. हेच पेलोड. हा आकडा कारखान्यातून निघालेल्या त्या एका गाडीचा असतो, मॉडेलचा नव्हे. सनरूफ घेतलं, पायऱ्या घेतल्या, जाड टायर घेतले की तो बदलतो. माहितीपत्रकात टकोमाचं सर्वाधिक पेलोड 1,700 पौंडांच्या आसपास दिसेल, पण ते सर्वांत साध्या गाडीचं. समजा तुमच्या आवडत्या गाडीच्या स्टिकरवर 1,200 लिहिलं आहे. दोन मोठी माणसं आणि दोन वाढती मुलं मिळून 600 धरा. हौद्यावर फायबरचं छत चढवलं, 180. तंबू, पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी, बॅगा, 150. उरले 270. आता मागे ट्रेलर जोडा. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर, म्हणजे थेट गाडीवर येतो आणि तो पेलोडमध्येच मोजावा लागतो. 270 पौंडांत दहा टक्क्यांच्या हिशेबाने 2,700 पौंडांचा ट्रेलर बसतो. तेरा टक्के धरले तर जेमतेम 2,100. कॅम्पिंगचा छोटा ट्रेलर भरल्यावर सहज 3,500 पौंडांच्या वर जातो. म्हणजे 6,500 ओढणारी म्हणून घेतलेली गाडी कुटुंबासकट निम्मंसुद्धा ओढत नाही. ओढायची ताकद पुष्कळ शिल्लक असते, वाहायची आधी संपलेली असते.

महागड्या श्रेणींमध्ये हे जास्त बोचतं. टकोमाची ट्रेलहंटर ही श्रेणी दूरच्या रानवाटांवर मुक्कामी जाणाऱ्यांसाठी म्हणून विकली जाते. कारखान्यातूनच तिला पोलादी मागचा बंपर, खालून संरक्षक पत्रे, बाजूच्या कडांना दगडरोधक नळ्या, हवा भरायचा कॉम्प्रेसर हे सगळं येतं, शिवाय ती फक्त हायब्रिडच मिळते. या प्रत्येक वस्तूचं वजन स्टिकरवरच्या आकड्यातून आधीच वजा झालेलं असतं. म्हणजे आठवडाभराचं पाणी, इंधन आणि छतावरचा तंबू घेऊन निघायच्या गाडीलाच सर्वांत कमी वाव उरतो. टीआरडी प्रो या श्रेणीचंही तेच, आणि तिच्यात पुढच्या सीटना बसवलेल्या शॉक ॲब्झॉर्बरमुळे मागच्या माणसाच्या गुडघ्यांना जागाही कमी मिळते. हा दोष एकट्या टोयोटाचा नाही. फोर्डची साधी रेंजर 7,500 पौंडांपर्यंत ओढते. 405 हॉर्सपॉवरची रेंजर रॅप्टर ओढते 5,510. कोलोरॅडो 7,700 ओढते, तिचीच झेडआर-2 श्रेणी 6,000, आणि झेडआर-2 चं पेलोड 1,150 पौंडांच्या आसपास. वाळवंटात उड्या मारायला मऊ, लांब चालीच्या स्प्रिंगा लागतात आणि त्याच स्प्रिंगा वजनाखाली बसतात. दोन्ही एका गाडीत पूर्ण मिळत नाहीत.

आपल्याकडे बोलेरो पिकअप विकताना 1.3 टन, 1.7 टन असा भाराचा आकडा गाडीच्या नावातच असतो, कारण नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन जाणारा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. अमेरिकेतल्या पिकअपच्या नावांत डोंगर, वाटा, शिकारी पक्षी आहेत. भार सापडतो तो दाराच्या चौकटीवर.

यावर नेहमीचा आक्षेप असा की बहुतेक मालक कधी गाडी भरतच नाहीत, मग कागदावरच्या मर्यादेची काळजी कशाला? आक्षेपात तथ्य आहे. ऑफिसला जाणं, वीकेंडला दुकानातून फळ्या आणणं, वर्षातून एकदा घर बदलणं एवढंच असेल तर 1,200 पौंड पुरतात. पण मग हाच मुद्दा उलट बाजूने लागू होतो. भार वाहायचाच नसेल तर चॅसीवरच्या ट्रकचा खडबडीतपणा आणि पेट्रोलचा खर्च कशासाठी? होंडा रिजलाइन मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली आहे. मागच्या सीटवर पाय ठेवायला 36.7 इंच जागा, टकोमाच्या चार दारी गाडीत 33.7. हौद्याखाली कुलपात राहणारी डिकी. 5,000 पौंड ओढते. तिला कोणी मर्दानी म्हणत नाही म्हणून अनेकजण तिच्याकडे बघतही नाहीत, आणि हे मला खरोखर खटकतं. आणखी एक गोष्ट विसरली जाते : भार म्हणजे फक्त विटा आणि वाळू नाही. बसलेली माणसंही भारच. चार माणसांचं घर सुट्टीला निघतं तेव्हा निम्मं पेलोड सीटवर बसलेलं असतं.

दुसरा आक्षेप गॅरेजवाल्यांकडून येतो : मागे एअरबॅग किंवा जादा पाटे बसवा, गाडी बसणार नाही. गाडी बसणार नाही हे खरं, पण मर्यादा वाढत नाही. चौकटीवरचा आकडा ब्रेक, आस, चाकं, टायर आणि चॅसी या सगळ्यांचा मिळून असतो. मागची उंची सावरल्याने ब्रेकची ताकद वाढत नाही. उलट गाडी सपाट दिसू लागते आणि आपण जास्त लादलंय हे डोळ्यांना कळेनासं होतं. उतारावर, पावसात, मागे ट्रेलर ढकलत असताना ते कळणं फार महाग पडतं.

हायब्रिड तरी इंधनासाठी घ्यावी का? सरकारी आकड्यांनुसार चारचाकी ड्राइव्हची साधी टकोमा एकत्रित सरासरी 21 मैल प्रति गॅलन देते आणि हायब्रिड 23. वर्षाला 12,000 मैल चालवणाऱ्याचे यात पन्नास गॅलन वाचतात. हायब्रिडसाठी काही हजार डॉलर जादा मोजावे लागतात, ते या वेगाने वसूल व्हायला वर्षानुवर्षं जातील. टॉर्कसाठी घ्या, चढावर ती खरंच सुंदर चालते. बचतीसाठी घेऊ नका.

सर्वांत जोरकस आक्षेप टोयोटाच्या लौकिकाचा. टकोमा म्हणजे तीन लाख मैल, टकोमा म्हणजे वापरलेली विकतानाही किंमत शाबूत. लौकिक खरा आहे, पण तो कमावला साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनांनी. नवं इंजिन, नवी हायब्रिड प्रणाली आणि नवा साचा यांनी तो अजून कमवायचाय. फेब्रुवारी 2025 मध्ये 2024 आणि 2025 च्या सुमारे 1 लाख 6 हजार चारचाकी ड्राइव्हच्या टकोमा परत बोलावल्या गेल्या, कारण मागच्या चाकांत साठणाऱ्या चिखलाने ब्रेकच्या नळ्या झिजू शकत होत्या. चिखलातच फिरायला घेतलेल्या गाडीचा हा दोष. पण जुनी पिढी निर्दोष होती असंही नाही. मार्च 2024 मध्ये 2022-23 च्या सुमारे 3 लाख 81 हजार टकोमा मागच्या आसाच्या दोषासाठी बोलावल्या गेल्या होत्या. म्हणून मी जुनी बरी की नवी बरी या वादात पडत नाही. विशिष्ट गाडीचा व्हीआयएन नंबर सरकारी रिकॉलच्या यादीत टाकून बघणं याला पर्याय नाही, मग गाडी नवी असो की वापरलेली.

मग घ्यावं काय? हौद्यात रोज काही ना काही टाकायचं असेल आणि सहा फुटी हौदा हवा असेल, तर चार दारांच्या गाड्यांमध्ये पर्याय दोनच : टकोमा आणि निसान फ्रंटियर. कोलोरॅडो आणि अमेरिकेतली रेंजर चार दारांत आखूड हौद्याचीच मिळते. फ्रंटियरचं 3.8 लिटरचं व्ही-6, 310 हॉर्सपॉवर, टर्बो नाही, गुंतागुंत कमी. आतून ती जुनाट वाटेल, वाटू द्या. टकोमाच घ्यायची तर एसआर-5 ही मधली श्रेणी बघा. मागे पाटे कोणत्या गाडीला आणि कॉइल स्प्रिंगा कोणत्या गाडीला हे श्रेणीनुसार बदलतं, ते वाकून स्वतः बघा. नियमित ट्रेलर ओढायचा तर साधी कोलोरॅडो किंवा 2.7 लिटर व्ही-6 ची रेंजर. आणि युटातल्या मोॲबच्या खडकांवर मनसोक्त चालवायचं, मागे काही लावायचंच नाही, असं पक्कं ठरलं असेल तर रॅप्टर, झेडआर-2, ट्रेलहंटर यांना माझा विरोध नाही. त्यासाठीच त्या आहेत.

डीलरकडे जायच्या आधी फोनवर एकच मागणी करा : ज्या गाडीचा भाव सांगताय तिच्या दाराच्या चौकटीचा फोटो पाठवा. टाळाटाळ झाली तर दुसरा डीलर गाठा. फोटो आला की घरातल्या सगळ्यांची वजनं, नेहमीचं सामान, छत, हूक असं कागदावर मांडा आणि वजा करा. डीलरने नंतर चढवलेल्या वस्तू वेगळ्या विचारा, कारण त्यांचं वजन छापील आकड्यात धरलेलं असेलच असं नाही. गाडी घेतल्यावर पहिल्या लांबच्या सहलीआधी, सगळं भरून, सगळ्यांना बसवून, महामार्गावरच्या ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर ती एकदा चढवा. पावतीवर पुढच्या आणि मागच्या आसावरचं वजन वेगवेगळं येतं. दोन्ही मिळून गाडीच्या एकूण मर्यादेच्या आत आहेत ना, आणि मागच्या आसाची स्वतःची मर्यादाही सांभाळली जाते ना, हे त्याच चौकटीवरच्या दुसऱ्या लेबलशी ताडून बघा. आकडा वर गेला तर निघण्याआधीच काय उतरवायचं ते ठरवता येतं.